कल्टचा शिक्का कुणाच्या हातात?

सप्टेंबर २०२४ मध्ये ‘तुंबाड’ पुन्हा थिएटरांत लागला आणि २०१८ सालच्या पहिल्या फेरीपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. तेव्हापासून कोणता चित्रपट कल्ट आणि कोणता नाही यावर जी हुज्जत सुरू आहे, ती काही थांबायचं नाव घेत नाही. एका फळीचं म्हणणं असं की कल्ट म्हणजे आधी आपटलेला, मग मोजक्या वेड्यांनी उचलून धरलेला, चारचौघांना न झेपणारा चित्रपट. दुसऱ्या फळीला एवढं सोवळंओवळं मान्य नाही. ज्याचे संवाद मोबाइलवर फिरतात तो कल्ट, विषय संपला. निर्मात्यांनी तर कहरच केलाय, चित्रपट लागायच्या आधीच पोस्टरवर ‘कल्ट’ छापून मोकळे होतात. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी! भांडणाऱ्या दोन्ही फळ्यांची नजर पडद्यावर आहे. पडद्यासमोर बसलेल्या माणसाकडे कुणी मान वळवून पाहत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: चित्रपट कल्ट होतो तो पाहणाऱ्यांच्या वागण्यातून. पण ज्या प्रेक्षकाचं वागणं कुणीतरी लिहून ठेवलं, त्याच्याच आवडीला हा मान मिळतो. विदर्भातल्या खेड्यांनी गेल्या पन्नास वर्षांत कितीतरी चित्रपटांना असं जपलंय. त्यांतला एकही कुठल्या यादीत खेड्याच्या नावाने लागलेला नाही, कारण यादी करणारा कधी इकडे फिरकलाच नाही.

आधी ही मोजपट्टी आली कुठून ते पाहू. डिसेंबर १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात ‘एल टोपो’ मध्यरात्रीच्या खेळाला लागला आणि महिनोन्महिने चालला. १९७५ चा ‘रॉकी हॉरर पिक्चर शो’ नेहमीच्या खेळांना पडला, पण १९७६ मध्ये त्याच शहरातल्या वेव्हर्ली थिएटरात मध्यरात्री लागला आणि लोक पात्रांसारखे कपडे घालून येऊ लागले, संवादांना ओरडून उत्तरं देऊ लागले, लग्नाच्या प्रसंगाला तांदूळ उधळू लागले. अभ्यासकांनी ते टिपलं, त्यातून व्याख्या तयार झाली: आधी अपयश, मग मध्यरात्र, मग मोजका कंपू. एका शहराच्या एका दशकाचं वर्णन म्हणून ते चोखच आहे. आपण मात्र त्याचा कायदा करून टाकला. प्रेक्षकाने उलट बोलावं, खेळात सामील व्हावं ही न्यूयॉर्कला नवलाई वाटली असेल. भाऊबीज झाली की भंडारा-गोंदिया-गडचिरोली-चंद्रपूरच्या पट्ट्यात मंडई भरते, वडसा देसाईगंजहून झाडीपट्टीच्या नाटक कंपन्या निघतात आणि गाव रात्रभर मांडवात बसतं. तिथे खलनायकाला शिव्या बसतात, विनोदी नटाला वाक्य संपायच्या आत पुढचं वाक्य प्रेक्षकांतून मिळतं, गाण्याला वन्स मोअर पडला तर तो मोडायची कुणाची टाप नसते. दंडार आणि खडी गंमत ही इथली लोकनाट्यं तर त्याहून जुनी. त्यांना कुणी ‘प्रेक्षकसहभागाचा प्रयोग’ म्हटलं नाही, ‘गावंढळांचा गोंधळ’ म्हटलं.

हा दुजाभाव उघडा पाडायला ‘गुंडा’ एवढा एक चित्रपट पुरे. १९९८ चा, दिग्दर्शक कांती शाह, नायक मिथुन, आणि बशीर बब्बर यांनी लिहिलेले यमकात बोलणारे खलनायक. इंजिनिअरिंगच्या वसतिगृहांतल्या पोरांनी तो शोधला, गडाबडा लोळून हसले, आणि ‘गुंडा’ कल्ट झाला. त्यावर लेख आले, चर्चा झाल्या. बरं, पण त्या पोरांच्या हातात पडण्याआधी तो कोण पाहत होतं? नव्वदच्या दशकात मिथुनचे असे स्वस्तातले चित्रपट तालुक्याच्या टाकीजवर, पडक्या खुर्च्यांच्या हॉलमध्ये चालत. जिनिंगवरचा हमाल, ट्रकचा क्लीनर, बाजाराला आलेला शेतमजूर, हा त्यांचा हक्काचा प्रेक्षक. तो हसायच्या जागी हसायचा, चिडायच्या जागी चिडायचा, आणि तिकिटाचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यायचा. त्याला आपण काय म्हटलं? अभिरुची नसलेला. त्याच चित्रपटावर कुत्सितपणे हसणारा मात्र रसिक ठरला. चित्रपट तोच, संवाद तेच, फक्त पाहणाऱ्याकडे डिग्री होती. मग शिक्का नेमका चित्रपटाला मिळाला की डिग्रीला?

इथे कुणी म्हणेल, तुम्ही उगाच खेड्याला डोक्यावर घेताय. खेड्यातल्या माणसाला निवडायला होतंच काय? जे दाखवलं ते पाहिलं, दहादा दाखवलं तर दहादा पाहिलं. याला आवड नाही, नाइलाज म्हणतात. हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. उदाहरणादाखल, १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, ही योजना सुरू झाली आणि हंगामात खरेदी केंद्रासमोर बंड्यांची रांग लागायला लागली. काटा व्हायला रात्रीमागून रात्री जात. एकाने बैल आणि कापूस राखायचा, दुसऱ्याने टाकीज गाठायची, परत येऊन पाळी बदलायची. टाकीजवर पिच्चर एकच, त्यामुळे रांग हलेपर्यंत तोच दोनदा-तीनदा पाहिला जाई. हे काही चोखंदळ रसिकाचं पुनःपुन्हा पाहणं नव्हे, कबूल. गावात गणपतीला किंवा शारदेला पडदा लागायचा तेव्हाही निवड मंडळाच्या पोरांची, आणि त्यांची निवड म्हणजे भाड्यात जे रीळ बसेल ते.

पण ते पाहणं कसं होतं, तेही बघा. निंबाची फांदी आणि समाजमंदिराचा खांब यांच्यामध्ये ताणलेलं पांढरं कापड, पलीकडे जनरेटरचा धडधडाट, डिझेल संपलं की मध्यंतर. समोरची जागा लवकर भरायची, म्हणून अर्धं गाव पडद्याच्या मागून बसायचं. मागून चित्र दिसतं, पण उलटं. नावं उलटी, नायकाचा भांग दुसऱ्या बाजूला, बंदूक डाव्या हातात. “काहून बे, हिरो डावखुरा हाय का?” हा प्रश्न ज्याने कधी ऐकला नाही त्याने गावातला पिच्चर पाहिलाच नाही म्हणायचं. कधी शेवटचं रीळ दुसऱ्या गावाहून पोचायचंच नाही, मग दुसऱ्या दिवशी पारावर ज्याला जसा सुचेल तसा शेवट सांगितला जाई. त्यामुळे एकाच चित्रपटाचे गावागणिक पाठभेद तयार झाले. पाठभेद म्हटल्यावर कुणाला हसू येईल, पण याच मुलखात, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हाइंभटाने माणसांच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ रचलं. पुढे धामधुमीत पोथी हरवली तेव्हा महानुभावांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, आणि म्हणून तिचे एकाहून अधिक पाठ आपल्या हाती आहेत. पोथीची आणि पिच्चरची बरोबरी करायची नाही मला. मूळ प्रत हाताशी नसेल तर लोक ऐकलेलं-पाहिलेलं आपसांत वाटून घेऊन जिवंत ठेवतात, ही सवय इथे जुनी आहे एवढंच.

आता पुन्हा नाइलाजाकडे. १९९९ चा ‘सूर्यवंशम’ थिएटरात चालला नाही, पण एका वाहिनीने तो इतक्यांदा लावला की त्यावरचे विनोदही आता जुने झाले. लावला म्हणून पाहिला, ठीक. पण वाहिन्यांनी तसे शेकडो चित्रपट लावले, त्यांतले किती आठवतात? शिवाय एल्गिन थिएटरात मध्यरात्री काय लागणार हे तरी प्रेक्षकांनी ठरवलं होतं का? तेही थिएटरवाल्यानेच ठरवलं. ‘जाने भी दो यारो’ला १९८३ मध्ये थिएटरांनी फारसं विचारलं नाही, तो घरोघरी पोचला दूरदर्शनमुळे, आणि तेव्हा वाहिनी एकच होती. त्याच्या कल्टपणाबद्दल कुणी नाइलाजाचा संशय घेत नाही. समोर काय यावं हे कुठल्याच प्रेक्षकाच्या हातात नसतं, समोर आलेल्यातलं काय धरून ठेवायचं ते त्याच्या हातात असतं. ‘सूर्यवंशम’मधला हिरा ठाकूर निरक्षर, बापाने घराबाहेर काढलेला, तो बसचा धंदा उभारतो आणि बायकोला कलेक्टर करतो. शहरातला माणूस जहराच्या खिरीवर हसतो. ज्या घरात पोरगी तालुक्याच्या अभ्यासिकेत जागा धरून बसलेली असते, त्या घरात ती कलेक्टर होऊन परत येते त्या जागी रिमोटला कुणी हात लावत नाही. मला स्वतःला हा चित्रपट लांबलेला वाटतो, पण माझ्या वाटण्याचा इथे संबंध नाही.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. सगळं प्रेक्षकावर असेल तर हाच चित्रपट का आणि तो का नाही? चित्रपटात काहीच नसतं का? १९६६ मध्ये हृषीकेश मुखर्जींनी ‘बीवी और मकान’ केला. भाड्याच्या खोलीसाठी मित्रांतल्या दोघांनी बायकांचं सोंग घ्यायचं, अशी गोष्ट. तीच गोष्ट घेऊन १९८८ मध्ये सचिन पिळगावकरांनी ‘अशी ही बनवाबनवी’ केला. पहिला आज हिंदीवाल्यांनाही आठवत नाही, दुसरा अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. गोष्ट एक, नशीब दोन. तेव्हा चित्रपटात काहीतरी लागतं, हे मान्य करायलाच हवं. माझ्या मते लागतं ते हे, की त्याचे तुकडे पडले पाहिजेत. कल्ट होणारा चित्रपट सीताफळासारखा असतो, हाताने दाबला की फुटतो आणि पाकळी न् पाकळी सुटी होऊन येते. “धनंजय माने इथेच राहतात का?” हे वाक्य कथेतून उचललं तरी जगतं. एकसंध, घट्ट बांधलेला चित्रपट कदाचित अधिक थोर असेल, पण तो असा हातात येत नाही. आणि तुकडे पडले तरी ते कुठे लावायचे हे पुन्हा प्रेक्षकच ठरवतो. यवतमाळ-वाशीमची पोरं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्यात जातात, सदाशिव पेठेत खोली शोधताना ‘बॅचलर नको, मांसाहार नको, रात्री उशीर नको’ ऐकतात, तेव्हा त्यांना हा चित्रपट हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. खोलीत शिरणारा नवा पोरगा धनंजय मानेला विचारतो आणि आतले तिघे ओळख पटल्यासारखे हसतात. पुण्याच्या मूळ रहिवाशाला हा चित्रपट आवडतो, वऱ्हाडातून आलेल्या भाडेकरूला तो कामाला येतो.

तिसरा आक्षेप, मग प्रत्येक गाजलेला चित्रपट कल्टच की! नाही. इथे दुसऱ्या फळीशीही माझं भांडण आहे. २०१६ चा ‘सैराट’ इकडच्या टाकीजवर तुफान चालला, ‘झिंगाट’शिवाय वरात हलत नाही. पण गाणं वेगळं निघालं आणि चित्रपट मागे राहिला. शेवटची ती दहा मिनिटं पाहिल्यावर पुन्हा स्वतःहून तो लावणारा माणूस मला तरी क्वचितच भेटलाय. मोठा चित्रपट, म्हणाल तर मराठीतल्या सर्वांत मोठ्यांपैकी, पण लोक जिथे परत परत जाऊन बसतात असा नाही. उलट बाजूने ‘गाभ्रीचा पाऊस’ घ्या. २००९ चा, सतीश मनवरांचा, आमच्याच कोरडवाहू मातीतला, आमच्याच आत्महत्यांवरचा, आणि चांगला. तो इथे कल्ट का झाला नाही? कारण आपल्या बांधावरचं मरण पुन्हा पाहायला कोण बसणार? आपल्यावरचा चित्रपट आपला होतोच असं नाही, हे सिनेमावाल्यांना कुणीतरी एकदा सांगायला हवं.

अपयशाची अट मात्र मला मुळातच चुकीची वाटते. दादा कोंडके घ्या. १९७१ च्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळवून द्यायला बाळासाहेब ठाकरेंना मध्ये पडावं लागलं. पुढे दादांच्या सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केले आणि नाव गिनीज बुकात गेलं. म्हणजे अपयशाच्या अटीवर दादा पहिल्याच फेरीत बाद. पण पांढरपेशा घरांत दादांचं नाव घ्यायची चोरी होती, आणि जत्रेतल्या तंबूत दादांशिवाय पान हलत नव्हतं. गल्ला भरलेला आणि तरीही पंगतीबाहेर बसवलेला, असा चित्रपट असू शकतो हे अमेरिकन व्याख्येला ठाऊकच नाही. तिथे बाजार आणि प्रतिष्ठा यांची गाठ वेगळी पडली असेल. आपल्याकडे जात, शिक्षण, बोली असे कितीतरी अडसर मध्ये होते. कल्टला बहिष्काराची खूण लागत असेल तर ती तिकीटबारीवर शोधून सापडणार नाही, घरातल्या मोठ्यांनी कशाला नाक मुरडलं तिथे शोधावी लागेल.

दादांचं बोलताना एक गोष्ट झाकून ठेवणं बरोबर नाही. तंबूत बायकांची बसायची जागा वेगळी असे, आणि द्वयर्थी संवादांवर पलीकडून हसू येत होतं की नुसता पदर तोंडावर जात होता हे पुरुषांनी कधी विचारलं नाही. कल्टच्या सगळ्या गप्पा, न्यूयॉर्कच्या काय आणि आमच्या पारावरच्या काय, बहुतेक तरण्या पोरांच्या गप्पा आहेत. बायकांनी जे जपलं त्याला ‘रडके पिच्चर’ म्हणतात. १९७५ साली ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या जोडीला ‘जय संतोषी माँ’ चालला, थोडक्या पैशांत केलेला, ज्याला बायका चपला बाहेर काढून बसत आणि पडद्यावर फुलं-नाणी उधळत. तांदूळ उधळले तर कल्ट आणि नाणी उधळली तर अंधश्रद्धा? १९९१ च्या ‘माहेरची साडी’ला गावोगावच्या बायका गट करून तालुक्याला गेल्या, रडून आल्या, आणि पुढच्या वेळी जावेला, नणंदेला घेऊन गेल्या. माझ्या कसोटीवर हे दोन्ही चित्रपट बसतात, मग मला ते सोसवोत न सोसवोत.

यावर कुणी म्हणेल की भक्तीत लोक देवाला पाहतात, चित्रपटाला नाही. अर्धं खरं आहे. जब्बार पटेलांचा २००० सालचा ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ १४ एप्रिलच्या आसपास आमच्याकडे विहारांच्या अंगणात लावतात. नागपूरची दीक्षा ज्यांच्या आजा-पणज्यांनी १९५६ मध्ये घेतली, त्या घरांतली माणसं मामुट्टीचा अभिनय जोखायला बसत नाहीत, ती बाबासाहेबांसाठी बसतात. म्हणून याला कल्ट म्हणण्याचा आग्रह मी धरणार नाही. पण श्रद्धा असली की चित्रपट उरतच नाही, हेही पटत नाही. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा, मुंबईत एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला आणि मग फिरत्या तंबूंतून गावोगाव गेला. त्यात शांताराम आठवल्यांनी ‘आधी बीज एकले’ हे पद नव्याने लिहिलं. आज ते तुकोबांचा अभंग म्हणून भजनात गायलं जातं. गाणाऱ्याला ते सिनेमातलं आहे हे माहीतही नसतं. पडद्यावरून उतरून टाळ-मृदंगात जाऊन बसलेलं गाणं, याहून मोठं कल्टपण कुठल्या मध्यरात्रीच्या खेळाला साधलंय?

तेव्हा यादी करणाऱ्यांनी जुन्याचं सोडा, निदान चालू काळ तरी हातचा घालवू नये. इकडच्या पोरांनी ‘पुष्पा’ २०२१ मध्ये पाहिला तेव्हा त्यांना तेलुगू नायक नवा नव्हता. त्याआधी वर्षानुवर्षं त्यांनी डब केलेले चित्रपट बसस्टँडजवळच्या दुकानातून मेमरी कार्डावर भरून आणले होते. नागार्जुनचा २००४ चा ‘मास’ त्यांना ‘मेरी जंग: वन मॅन आर्मी’ या नावानेच ठाऊक आहे, चिरंजीवीचा ‘इंद्र’ म्हणजे ‘इंद्रा द टायगर’. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंच्यात तेलुगू घरात बोलली जाते, तिथे मूळ संवाद चालतात, आर्वी-दर्यापूरकडे हिंदीतले. एकाच जिल्हा परिषद शाळेच्या आवारात अख्खी मारामारी आवाजासकट करून दाखवणारी पोरं आहेत. उद्या या चित्रपटांवर कुणी महानगरात हसत हसत लेख लिहील आणि ते कल्ट ठरतील, ‘गुंडा’चं झालं तसंच. त्याच्या आधी एक काम सोपं आहे. ती कार्डं भरून देणारे दुकानदार अजून तालुक्यांच्या गावी आहेत. कुणी रिचार्ज करतो, कुणी आधारची झेरॉक्स काढतो. त्यांना विचारा की कार्ड खराब झाल्यावर लोक कोणता पिच्चर पुन्हा भरून मागायचे. त्यांना नावं पाठ आहेत.